चैत्राचं साल किती दिवसांचं?

२००५ चा गुढीपाडवा ९ एप्रिलला आला होता. माझी दहावीची परीक्षा नुकतीच आटोपली होती आणि त्या सकाळी मी पहिल्यांदा बाबांसोबत मालकाच्या ओसरीवर हिशेबाला गेलो, म्हणून ती तारीख पक्की लक्षात आहे. आईनं उजाडायच्या आत गुढी उभारली होती. वेळूची काठी, तिच्यावर आईच्या लग्नातलं हिरवं लुगडं, कडुनिंबाचा डहाळा, आंब्याची पानं, होळीच्या बाजारात घेऊन मुंग्यांपासून जपून ठेवलेली साखरेची गाठी आणि वर पालथा पितळी गडू. बाबांनी गुढीला हात जोडले, निंबाची चार कोवळी पानं गुळाच्या खड्यासोबत चावली, धुतलेलं धोतर नेसले आणि आम्ही निघालो. त्या दिवशी त्यांचं साल भरत होतं.

सालदार म्हणजे वर्षाच्या बोलीवर एकाच मालकाकडे राबणारा गडी. बैलांचं चारापाणी, कोठ्याची झाडलोट, वखरणी, पेरणी, डवरणी, फवारणी, रात्रीचं ओलित, उभ्या पिकाची जागल, बाजाराला मालाची गाडी नेणं, सगळं त्याच्याकडे. आमच्या यवतमाळ जिल्ह्यात, सगळ्या वऱ्हाडातच म्हणा, ही बोली पाडव्याला ठरते आणि पुढच्या पाडव्याला संपते. साहेबांचं वर्ष ३१ मार्चला सरतं, शाळेचं जूनमध्ये उघडतं. सालदाराचं वर्ष चैत्र शुद्ध प्रतिपदेला उलटतं. त्याच दिवशी तो मोकळा असतो. जुना मालक ठेवायचा की नवा धरायचा, हे ठरवायला त्याला तेवढीच एक सकाळ मिळते.

बाबांची त्या सालाची बोली होती महिना बाराशे रुपये. सालाचे चौदा हजार चारशे, शिवाय ठरलेली ज्वारी, दिवाळीला कपड्याचा जोड आणि पायात एक जोडा. मालकानं लाल फडक्यातली वही सोडली. आधी उचल वजा झाली. मग खाडे. बाबा हिवतापानं अकरा दिवस पडून होते. मालकानं तोंडी हिशेब केला: महिन्याचे दिवस तीस, रोजाचे चाळीस, अकरा खाड्यांचे चारशे चाळीस. मी भिंतीवरच्या कालनिर्णयाकडे पाहत होतो. आधीचा पाडवा २१ मार्च २००४ चा. मधे श्रावण दोनदा येऊन गेला होता, एक अधिक आणि एक निज. मी बोटांवर मोजलं आणि बोलून गेलो, "पाटील, औंदा महिने तेरा झाले ना?"

मालक रागावले नाहीत. वही बांधता बांधता म्हणाले, "पंचांग का मी लिवलं? बोली पाडवा ते पाडवा." बाबांनी माझ्या दंडाला हात लावला. परत येताना मारुतीच्या पारापाशी थांबून एवढंच बोलले, "साल म्हंजे साल. त्याचे दिवस कोनी मोजत नाई."

त्या वर्षी बाबांचं साल ३८४ दिवसांचं भरलं होतं. मजुरी कापताना वर्ष ३६० दिवसांचं धरलं गेलं. राबताना ते ३८४ दिवसांचं होतं. एकवीस वर्षं झाली, ही दोन आकड्यांची गोष्ट माझ्या डोक्यातून गेलेली नाही आणि आज मी ती लिहितो आहे, कारण यंदा पुन्हा तेच साल आहे. १९ मार्च २०२६ ला शके १९४८ सुरू झालं. त्यात ज्येष्ठ अधिक आहे. पुढचा पाडवा ७ एप्रिल २०२७ ला. या चैत्रात ज्यांनी साल धरलं, ते सगळे ३८४ दिवसांसाठी बांधले गेले आहेत आणि त्यांतल्या बहुतेकांना पैसे मिळणार आहेत बारा महिन्यांचे.

माझं म्हणणं सरळ आहे. सालाचे दिवस मोजा, ते कागदावर लिहा आणि धोंड्याच्या महिन्याची मजुरी वेगळी द्या.

हा अधिक महिना येतो कुठून ते पुढे पाहू, आधी चैत्र म्हणजे काय ते. ज्या महिन्याच्या पौर्णिमेला चंद्र चित्रा नक्षत्राजवळ असतो, तो चैत्र. लहानपणी चैताच्या उकाड्यात आम्ही अंगणात खाटा टाकून झोपायचो, तेव्हा बाबा पुनवेच्या चांदाजवळची पांढरी-निळसर चांदणी दाखवायचे. ती चित्रा. शाळेत न गेलेल्या माणसाला एवढं आकाश येत होतं, कारण त्यांचं घड्याळच वर होतं. रात्रीचं ओलित केव्हा सोडायचं ते तिकांड्यावरून, म्हणजे मृगातल्या ओळीनं असलेल्या तीन चांदण्यांवरून ठरे. वेदकाळात या महिन्याचं नाव मधु आणि वैशाखाचं माधव. दोन्ही मिळून वसंत. आमच्याकडे मात्र या मधुमासात अंग भाजून निघतं. पळस फाल्गुनातच फुलून, चैत्र लागेस्तोवर फुलं टाकून मोकळा होतो आणि त्याला कोवळी तीन-तीन पानं फुटू लागतात. निंबाला तांबूस पालवी येते, मग बारीक पांढरा फुलोरा. आंब्याला कैऱ्या लागतात. पूर्वेकडे गोंदिया-गडचिरोलीच्या रानात बायामाणसं पहाटेच्या अंधारात टोपल्या घेऊन मोहफुलं वेचायला निघतात, कारण मोह रात्री गळतो आणि ऊन चढलं की फूल सुकतं. चैत्राची खूण म्हणून मला यांतलं प्रत्येक झाड मान्य आहे. कडुनिंबाचं तर विशेष, कारण एवढ्या उन्हात तेच एक पूर्ण हिरवं उभं असतं आणि वखर सोडून दुपारी आडवं व्हायला सालदाराला त्याचीच सावली मिळते.

सणही या महिन्यात दाटीनं येतात. घरोघरी चैत्रगौरीचं हळदीकुंकू, कैरीची डाळ आणि पन्हं. रामनवमीला रामटेक आणि शेगावला माणसांचा पूर. पुनवेला गावोगाव मारुतीच्या पारावर महाप्रसाद आणि चंद्रपूरला महाकालीची यात्रा, जिथं पार मराठवाड्यातून लोक येतात. ११ एप्रिलची जोतीराव फुल्यांची आणि १४ एप्रिलची बाबासाहेबांची जयंतीही बहुतेक चैत्रातच पडते. आमच्या गावात तर वर्षातली सगळ्यांत मोठी मिरवणूक १४ एप्रिलची.

शक म्हणजे इसवी सनातून ७८ वजा. इतिहासाचे बरेच अभ्यासक या गणनेचा संबंध कनिष्काशी किंवा शक क्षत्रपांच्या राजवटीशी लावतात; शालिवाहनाचं नाव तिला पुढच्या शतकांत चिकटलं. पण गावात गोष्ट सांगतात ती शालिवाहनाचीच. कुंभाराच्या घरी वाढलेला पोर, त्यानं मातीचे शिपाई केले, त्यांच्यात जीव आला आणि त्यांनी शकांना हरवलं. मातीत हात असलेल्या पोराच्या नावानं ज्याचं वर्ष सुरू होतं, त्या समाजानं मातीत हात असलेल्या माणसाचे दिवस मोजायला हवेत असं मला फार वाटतं.

आता अधिक महिन्याचं. चंद्राचे बारा महिने ३५४ दिवसांत संपतात, सूर्याचं वर्ष ३६५ दिवसांचं. दर वर्षी अकरा दिवसांची तूट येते. ती तशीच राहू दिली तर पाडवा सरकत सरकत आधी थंडीत आणि मग पावसाळ्यात जाईल. म्हणून ज्या चांद्र महिन्यात सूर्य रास बदलत नाही, तो जादा धरायचा. साधारण बत्तीस-तेहतीस महिन्यांनी असा महिना येतो, १९ वर्षांत सात वेळा. हाच आपला धोंड्याचा महिना. तेहतीस अनारशांचं वाण, लेक-जावयाला बोलावणं, पुरणाचे धोंडे. चैत्र वसंतात टिकून आहे तो या महिन्यामुळे. आपल्या पूर्वजांच्या गणिताबद्दल मला आदर आहे. डोळ्यांनी आकाश पाहून त्यांनी हे बसवलं. पण चैत्र जागेवर राहावा म्हणून पंचांगात घातलेला हा महिना आमच्याकडे सालदाराच्या अंगावर पडतो, आणि हे त्या गणितात कुठंच लिहिलेलं नाही. ते आपण केलं आहे.

गेल्या काही पाडव्यांच्या तारखाच बघा. २०२३ ला २२ मार्च, २०२४ ला ९ एप्रिल, २०२५ ला ३० मार्च, २०२६ ला १९ मार्च. म्हणजे साल कधी ३८४ दिवसांचं, कधी ३५५, कधी ३५४. आज आमच्या भागात चांगल्या सालदाराची बोली लाखाच्या वर गेली आहे. समजा एक लाख वीस हजार ठरले. ३५४ दिवसांच्या सालात रोज पडतो ३३९ रुपये. ३८४ च्या सालात ३१२ रुपये ५० पैसे. माणूस तोच, बैल तेच, वावर तेच. महिन्याला दहा हजार या हिशेबानं तेराव्या महिन्याचे दहा हजार सरळ गेले. दहा हजार म्हणजे सालदाराच्या घरात पोरीचं कॉलेजचं वर्ष किंवा घरावरचे पत्रे.

यावर मालकांची बाजू आहे आणि ती मी टाळणार नाही, कारण आता मीही त्या बाजूला बसतो. धाकटा भाऊ आणि मी मिळून नऊ एकर वावर करतो, पाच आमचं आणि चार मक्त्याचं. एक बैलजोडी आहे, एक सालदार आहे. मालक म्हणतात, ३५४ दिवसांच्या सालातही आम्ही पूर्ण पैसे देतो, तेव्हा अकरा दिवस सुटतात त्याचं काय? खरं आहे. एकाच घरी १९ वर्षं राहणाऱ्या गड्याचा हिशेब सरतेशेवटी सूर्यावरच्या दिवसांशी जुळतोही. पण आज १९ वर्षं कोण कोणाकडे राहतं? गडी दोन-तीन सालांत मालक बदलतो. लांब साल एकाच्या वाट्याला येतं, आखूड साल भलत्याच्या. सरासरी पंचांगाची जुळते, माणसाची जुळत नाही. आणि आखूड सालाचे अकरा दिवस मालकाला खटकत असतील, तर त्याचंही उत्तर दिवस मोजणं हेच आहे. मोजू या दोन्हीकडून.

दुसरं म्हणणं जास्त वजनदार आहे. अधिक महिना आला म्हणून कपाशीला जादा बोंडं लागत नाहीत. खरिपाचं पीक एकच, त्याचा पैसा एकदाच. मध्यम धाग्याच्या कापसाचा हमीभाव २०२५-२६ ला क्विंटलमागं ७,७१० रुपये होता, आणि हमीभाव म्हणजे हातात पडणारा भाव नव्हे, हे कापूस पिकवणाऱ्याला सांगायची गरज नाही. ज्या जिल्ह्यात इतक्या शेतकऱ्यांनी गळफास घेतला, तिथं 'मालक' हा शब्दही कित्येकांना मोठा होतो. दहा-बारा एकरवाला मालक आणि त्याचा सालदार यांच्या घरांत फार तर एका भिंतीचं अंतर असतं. तेराव्या महिन्याचे दहा हजार त्यानं कुठून आणावेत?

मी म्हणतो, ते पाडव्याच्या बोलीतच धरावेत. मालक पेरणीचा अंदाज बांधताना बियाणं धरतो, खत धरतो, ट्रॅक्टरचं भाडं धरतो. दुकानदार जादा पोत्याचे पैसे सोडत नाही, बँक जादा महिन्याचं व्याज सोडत नाही. सोडायला लागतो तो फक्त सालदार, कारण त्याच्या मोजमापाला 'साल' असं नाव आहे आणि त्या नावात किती दिवस बसवायचे हे कोणी ठरवलेलं नाही.

शिवाय आमचं शेत चंद्रावर चालतच नाही. मृग दर वर्षी ७-८ जूनला लागतो, रोहिणी २५ मेच्या आसपास, आणि यांत धोंडा आला म्हणून फरक पडत नाही, कारण ही नक्षत्रं सूर्याची. जी चित्रा चैताच्या पुनवेला चांदाजवळ दिसते, तिच्यात सूर्य ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात येतो. तेव्हाचं ते चटका देणारं चित्राचं ऊन, फुटलेला कापूस आणि सोयाबीनची सोंगणी. म्हणजे कास्तकार दोन्ही पंचांगं पिढ्यान्‌पिढ्या सांभाळतो आहे: सणाला चंद्र, पेरणीला सूर्य. मालकाचं पीक सूर्यावर येतं आणि सालदाराचं साल चंद्रावर मोजतात, ही खरी गोम आहे. यंदाचा अधिक ज्येष्ठ १७ मे ते १५ जून आहे. मृगाची पेरणी त्यातच. वर्षातलं सगळ्यांत घाईचं काम त्या महिन्यात होणार, ज्याचा मोबदला बोलीत नाही.

सरकारनं तर हा प्रश्न कधीचाच सोडवून ठेवला आहे. मेघनाद साहांच्या अध्यक्षतेखाली १९५२ ला पंचांग सुधारणा समिती नेमली गेली आणि २२ मार्च १९५७ पासून भारतीय राष्ट्रीय दिनदर्शिका लागू झाली. तो दिवस १ चैत्र १८७९. या सरकारी चैत्राची पहिली तारीख दर वर्षी २२ मार्चलाच येते, लीप वर्षी २१ ला. वर्ष ३६५ दिवसांचं, अधिक महिना नाही. राजपत्रावर ही तारीख छापतात, आकाशवाणीवर सांगतात आणि गावात ती कोणालाच माहीत नाही. मी पाडवा सोडून २२ मार्च धरा असं म्हणत नाही. बोली पाडव्यालाच व्हावी. त्या दिवसाला जे मोल आहे ते सरकारी तारखेला येणार नाही. फक्त कागदावर तिथीसोबत तारीख असावी आणि दोन तारखांमधले दिवस असावेत.

कागदावर आमच्याकडे लोक लगेच बिचकतात. लिखापढी आली की घरोबा जातो म्हणतात. घरोबा मी पाहिला आहे आणि तो खोटा नव्हता. माझी बहीण तापानं फणफणली तेव्हा याच मालकानं रात्री बैलगाडी जुंपून तिला तालुक्याच्या दवाखान्यात नेलं होतं. पोळ्याला बाबा बैल सजवून घरोघरी फिरत, बोजारा (पोळ्याची ओवाळणी) घेऊन येत, मालकीण बैलांआधी बाबांना कुंकू लावी. हे सगळं खरं. काही मालक तर धोंड्याच्या महिन्याचे पैसे न मागता देतात, अशी दोन घरं माझ्या पाहण्यात आहेत. पण जे एका घरी मिळतं आणि शेजारच्या घरी मिळत नाही, ते मालकाच्या स्वभावावर टांगलेलं असतं. आणि लिखापढी नव्हती असं तरी कुठं होतं? वही होतीच. उचल तीत लिहिली जात होती, खाडे लिहिले जात होते. लिहिले जात नव्हते ते फक्त भरलेले दिवस.

ज्ञानेश्वरीच्या चौथ्या अध्यायात गुढी येते. अधर्माची मुदत मी तोडतो, 'दोषांचीं लिहिलीं फाडीं', आणि सज्जनांकरवी सुखाची गुढी उभवतो, असं तिथं देव सांगतो. सातशे वर्षांपूर्वीच्या मराठीत गुढीच्या शेजारीच दोषांची लिहिलेली खाती फाडणं आहे. मला ती ओवी वाचली की लाल फडक्यातली वही आठवते. वही फाडावी असं माझं म्हणणं नाही. तिच्यात दुसरी बाजूही लिहा.

आणि त्या वहीत एक माणूस तर कधीच नव्हतं. बोली बाबांची व्हायची, पण मालकाच्या कोठ्यातलं शेण आई काढायची, सण-पाहुण्याला मालकाच्या घरचा दळणकांडणाचा गाडा तिच्यावर पडायचा आणि कापूस वेचाईला तिनं आधी मालकाच्याच वावरात जायचं हा न बोललेला करार होता. दुसरीकडे वेचाईचा भाव किलोमागं जास्त असला तरी जाता यायचं नाही, "सालदाराची बायको अन् दुसऱ्याच्या वावरात?" म्हणून. तिच्या तेराव्या महिन्याचा हिशेब कोणत्या पानावर मांडायचा? सालाची नोंद करायची तर बोली एकाची आहे की दोघांची, हे तिच्यात स्पष्ट असलं पाहिजे. एकाची असेल तर बाईला शेणाला बोलावता येणार नाही. बोलावलं तर तिचा रोज वेगळा.

कायदे नाहीत असं नाही. १९४८ च्या किमान वेतन कायद्यापासून शेतीचं काम किमान वेतनात धरलेलं आहे. उचलीपोटी माणूस बांधून ठेवणं १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्यानं गुन्हा आहे. बाबासाहेब १९४२ ते १९४६ व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खातं सांभाळत होते आणि कारखान्यातल्या कामगाराचा आठवडा ४८ तासांवर आणणारी दुरुस्ती १९४६ ची आहे. त्याला ऐंशी वर्षं होतील. सालदाराच्या दिवसाला अजून तास नाहीत. बैलांना पहाटे चारला वैरण आणि रात्री वीज येईल तेव्हा ओलित. किमान वेतन दिवसावर ठरतं, साल दिवसांत मोजलंच जात नाही, म्हणून ते वेतन मिळालं की नाही हे तपासायलाच जागा उरत नाही. १४ एप्रिलच्या मिरवणुकीत आमच्या गावचे जवळजवळ सगळे सालदार असतात. त्यांतल्या कोणाकडेही आपण अमक्या तारखेपासून अमक्या तारखेपर्यंत कामावर आहोत असं दाखवणारा एक चिठोराही नाही.

हा चिठोरा नसल्याचं खरं मोल संकटात कळतं. २०१७ च्या हंगामात आमच्या जिल्ह्यात कपाशीवर फवारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक माणसं गेली. फवारणीचा पंप सहसा कोणाच्या पाठीवर असतो? शेतकऱ्यांसाठी राज्याची अपघात सानुग्रह अनुदान योजना आहे, दोन लाखांची, पण ती सातबारावर नाव असलेल्या खातेदाराला आणि त्याच्या घरातल्या एका माणसाला. त्याच वावरात, त्याच सापानं डसलेला भूमिहीन सालदार तिच्यात बसत नाही. त्याचं नाव आधी कुठल्या तरी सरकारी कागदावर आलं पाहिजे, मग योजनेत बसवा म्हणून भांडता तरी येईल.

म्हणून सालाची नोंद ग्रामपंचायतीत व्हावी. फार नाही, एका पानाची. सुरुवातीची तिथी आणि तारीख, शेवटची तिथी आणि तारीख, एकूण दिवस, ठरलेली रक्कम, अधिक महिना असेल तर त्याची रक्कम, उचल, खाड्याचा दर (आणि तो दर काढताना सालाचे जितके दिवस तितक्यानंच भागायचं, ३६० नं नव्हे), पगारी सुट्ट्या किती, दुखापतीचा खर्च कोणाचा, बाईची बोली आहे की नाही. दोघांच्या सह्या किंवा अंगठे. पाडव्याला बोली झाली की १ मेच्या ग्रामसभेत ही पानं वाचून दाखवावीत. तो दिवस महाराष्ट्राचाही आहे आणि कामगारांचाही. यात मालकाचाही फायदा आहे. उचल घेऊन आखाडात पळून गेलेल्या गड्याची तक्रार प्रत्येक मालक करतो, आणि त्याच्याही हाती आज वहीखेरीज काही नाही.

ग्रामसभेला हे झेपायचं नाही असं तालुक्याचे साहेब म्हणतात. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावच्या ग्रामसभेनं २००९ ला सामूहिक वनहक्क मिळवला आणि १,८०० हेक्टरच्या रानातला बांबू स्वतः विकून त्याचा हिशेब ठेवला. आमच्या गावात सालदार एकतीस आहेत. एकतीस पानं.

यंदाच्या पाडव्याला मी हे पान घरी करून पाहिलं. आमच्याकडे जो गडी सालानं आहे, तो बाबांपेक्षा वीसेक वर्षांनी लहान, वाचता येणारा. गुढी उतरायच्या आधी आम्ही ओसरीवर बसलो. १९ मार्च २०२६ ते ६ एप्रिल २०२७, दिवस ३८४, बारा महिने अधिक एक, तेरा महिन्यांचे पैसे, वर्षात अठरा पगारी सुट्ट्या. माझ्या भावाचा चेहरा थोडा उतरला होता, ते मी पाहिलं. मक्त्याचे पैसे आम्हाला अजून द्यायचे आहेत. आई आत होती. तिनं बाहेर येऊन पान हातात घेतलं, तिला वाचता येत नाही, पण ३८४ हा आकडा कुठं आहे ते मला दाखवायला लावलं आणि त्यावर बोट ठेवून उभी राहिली.

सालदारानं पान दोनदा वाचलं. मग म्हणाला, "भाऊ, धोंड्यात लेक-जवाई येतीन. पेरनीच्या आंगी दोन दिवस तेबी लिवून ठेवा."

अठराचे वीस केले आणि दोघांनी सह्या केल्या.